इंग्रजी माध्यमातलं मूल, घरी आधी मराठी वाचन : शिकवावं की थांबावं?

घोडबंदरकर
सीनियर केजीच्या पालकसभेत सल्ला मिळाला, "घरी मराठी वाचायला शिकवू नका, मुलं गोंधळतात." मला हे पटलेलं नाही, म्हणून हा धागा.

माझं म्हणणं असं. घरात मराठी बोलत असाल, तर मूल साडेपाच-सहाचं झालं की आधी देवनागरी वाचायला शिकवा. इंग्रजी शाळा शिकवणारच आहे. पहिलं कारण सोपेपणाचं : 'क'ला काना दिला की 'का', मग तो शब्दात कुठेही येवो. इंग्रजीत 'थ्रू', 'टफ' आणि 'दो' या तिन्हींच्या शेवटी ओ-यू-जी-एच हीच चार अक्षरं, आणि उच्चार तीन तऱ्हांचे! २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात युरोपातल्या तेरा भाषांमधली पहिलीची मुलं तपासली होती. बहुतेक भाषांतली मुलं वर्षअखेर ओळखीचे शब्द जवळपास बिनचूक वाचत होती, इंग्रजीवाली बरीच मागे होती.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. मुलाने अक्षरं जोडत 'मांजर' वाचलं की त्याला लगेच कळतं, अरे, हे तर मांजर! जो इंग्रजी शब्द कधी कानावरच पडला नाही, तो अक्षर अक्षर फोडून वाचला तरी हाती काय लागणार?

आई_कोपरखैरणे
विरोध. 'दिसतं तसं वाचायचं' हे मोठ्यांना वाटतं, कारण आपण शिकताना काय झालं ते आपल्याला आठवत नाही. 'कि' लिहिताना वेलांटी डोळ्यांना आधी दिसते, कानाला नंतर ऐकू येते. ट्रान्स-हार्बरला तुर्भे स्टेशनची पाटी मुलाला वाचायला सांगा. 'र' बसलाय 'भे'च्या डोक्यावर आणि म्हणायचा मात्र त्याच्या आधी. 'क्र', 'ट्र', 'र्क', 'ऱ्य' : एकाच 'र'ची ही सोंगं.

तुमचा तो युरोपचा अभ्यास तीसेक अक्षरांच्या लिप्यांचा आहे. आपल्याकडे प्रत्येक व्यंजनाची बाराखडी, वर जोडाक्षरं. सोनाली नाग यांनी कन्नड शिकणाऱ्या मुलांवर केलेलं काम (२००७) आपल्याला जास्त जवळचं आहे. तिथे सगळी अक्षरं हाती यायला तिसरी-चौथी उजाडते.

आणि वेळ कुठून आणायचा? संध्याकाळी लेकीसोबत जेमतेम अर्धा तास मिळतो. त्यात शाळेची इंग्रजी वर्कशीट पुरी केली नाही, तर डायरीत शेरा माझ्या नावाने येतो.

लोकलप्रवासी
एवढं डोकं कशाला लावता? फोनिक्सचा, म्हणजे अक्षरांच्या आवाजांवरून इंग्रजी वाचन शिकवणारा, क्लास लावा आणि सुटा. आमच्या सोसायटीत तीन-तीन चालतात.

कोपरीच्या बाई
तीन चालतात म्हणूनच भीती वाटते हो. मी आयुष्यभर बालवाडी चालवली. लिपीवरून तुम्ही दोघंही भांडताय, पण मुलाचा कान तयार आहे का, हे कुणीच विचारलं नाही. 'कमळ'मधला 'क' काढला तर काय उरलं? 'मळ'! पोरं खिदळतात, आणि शब्द तुकड्यांचा बनतो हे त्यांना खेळता खेळता कळतं. भेंड्या लावा. शेवटचं अक्षर पकडणं हीच वाचनाची पूर्वतयारी, आणि तिला वहीही लागत नाही.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५मध्ये बोर्डीला, नंतर कोसबाडला बालशिक्षणाचं काम उभं केलं. हा भाग तेव्हा आपल्याच ठाणे जिल्ह्यात होता. गाणी, गोष्टी, पानं-फुलं-दगड, यांतून त्या शिकवत. साडेचार वर्षांच्या हाताला पेन्सिल देऊन पानभर 'अ' गिरवून घेणं म्हणजे वाचन नव्हे, हे अजून किती वर्षं सांगायचं?

ऐरोलीचा बाबा
बाई, आदर आहे, पण अर्धंच पटलं. बोलणं आपोआप येतं, वाचन येत नाही. कितीही गोष्टी ऐकवा, कुठल्या खुणेचा कुठला आवाज हे कुणीतरी दाखवावंच लागतं. गॉफ आणि टनमर या संशोधकांनी १९८६मध्ये वाचनाचा साधा हिशोब मांडला : अक्षरांवरून शब्द ओळखणं गुणिले भाषा समजणं. इथे बेरीज नाही, गुणाकार आहे. एक बाजू शून्य असेल तर उत्तर शून्य.

मात्र 'अ' ते 'ज्ञ' अशी रांग लावू नका. लिहायच्या जुन्या पाट्यांवर 'ग म भ न' होतं, ते उगाच नव्हे. फक्त क, म, न, ब आणि काना घ्या. काका, मामा, बाबा, नाक, कान, मका, काम, बाक, कमान. एवढ्या शिदोरीवर मूल खरे शब्द वाचायला लागतं. वेलांटी, रफार, जोडाक्षरं पुढे. कोपरखैरणेताई, 'तुर्भे' पहिल्या दिवशी कोण वाचायला सांगतंय? 'ठाणे', 'वाशी' आहेतच की.

दिवाळे_गाव
"घरात मराठी बोलत असाल तर" हे वाचून थांबलो. आमच्या घरात आगरी चालते. पुस्तकातली मराठी आमच्या पोराला अर्धी ओळखीची, अर्धी परकी. त्यामुळे आधी पुस्तक मोठ्याने वाचून दाखवणं आम्हाला टाळता येत नाही, अक्षरं नंतर. माझी आई निरक्षर आहे. ती चित्रं बघून स्वतःची गोष्ट रचते, आगरीतच. नातू मध्येच विचारतो, "मग तो मासा कुठं गेला?" हे वाचन नाही असं कुणी म्हटलं तर मी भांडेन.

घोडबंदरकर
@दिवाळे_गाव, आजीला मुजरा. तुमचा मुद्दा मान्य.

@आई_कोपरखैरणे, इंग्रजी वाचनाची एवढी घाई कसली आहे, हा माझा प्रश्न आहे. सरकारच्या निपुण भारत या वाचन-गणिताच्या मोहिमेचं लक्ष्यसुद्धा तिसरीअखेर मिनिटाला किमान ६० शब्द समजून वाचणं, हे आहे. (घड्याळ लावून वाचन मोजणं मला आवडत नाही, ते असो.) सीनियर केजीच्या वर्कशीटवरून डायरीत शेरे देणाऱ्या शाळेचं इतकं का ऐकायचं? तुमच्या अर्ध्या तासातली दहा मिनिटं पुरतात. प्रथम बुक्सच्या 'स्टोरीवीव्हर' या संकेतस्थळावर मराठी गोष्टी फुकट आहेत, वाचनाच्या पातळ्या लावलेल्या. ठाण्यात १८९३पासूनचं मराठी ग्रंथसंग्रहालय आहे. आणि रस्ताभर देवनागरी पाट्या, दुकानांच्या कायद्यातल्या २०२२च्या दुरुस्तीनंतर लहान दुकानांनाही त्या बंधनकारक आहेत.

आई_कोपरखैरणे
पाट्यांचं सांगूच नका. आमच्या सेक्टरातली पाटी : 'ड्रायफ्रूट्स अँड स्पायसेस'. यातलं 'क, म, न, ब आणि काना' शोधा!

ऐरोलीचा बाबा
😄 हार मानतो. पाटीपुरती.

आई_कोपरखैरणे
आता गंभीरपणे. "शाळेचं का ऐकायचं" हे लिहायला सोपं आहे. चाळीस मुलांच्या वर्गात 'स्लो रीडर' हा शिक्का एकदा बसला की मूल पुस्तक बघूनच आकसतं. ते निस्तरायला निपुण भारत येणार नाही. गोष्टी मी लेकीला रोज मराठीतूनच ऐकवते, बाईंच्या भेंड्याही आजपासून सुरू करते. बाबांची चार अक्षरं मात्र मेच्या सुट्टीत, वर्कशीट बंद असतील तेव्हा. २०२०च्या कायद्याने शाळेला मराठी शिकवावीच लागते, तेव्हा पुढचा भार त्यांनीही उचलावा.

घोडबंदरकर
शाळा मराठी कशी शिकवते ते तुम्हालाही माहीत आहे. पण मेची सुट्टी चालेल. "मुलं गोंधळतात" याला आधार काय, हे मी शाळेला लेखी विचारलंय. उत्तर आलं की इथेच टाकतो.

कोपरीच्या बाई
आणि दिवाळेकर, आजींच्या त्या माशाचं पुढे काय झालं तेही लिहा.