प्लास्टरच्या अर्धपुतळ्याचे एकरंगी तैलचित्र : सावली उजळ का होते?

प्रश्न
प्लास्टरच्या अर्धपुतळ्यावरून मी केवळ काळ्या आणि पांढऱ्या तैलरंगांत चित्र करीत आहे. रेखाटन बरे साधले आहे. परंतु हनुवटीखालचा, सावलीतला भाग मी जितका बारकाईने रंगवतो तितका तो उजळत जातो आणि चेहरा प्लास्टरचा न वाटता पत्र्याचा वाटू लागतो. शिवाय करड्या छटा निळसर येतात. पुतळा पांढराशुभ्र असल्यामुळे सावली गडद करायला हात धजावत नाही. काय चुकत असावे?

प्रतिसाद १
टेबलावरून परतलेला उजेड हनुवटीच्या खालच्या कडेवर पडतो आणि भोवतीच्या गडदपणामुळे तो असतो त्याहून बराच उजळ भासतो. आपण रंगवतो तो हा भास. सावलीतली सर्वांत उजळ जागासुद्धा उजेडातल्या सर्वांत गडद मध्यछटेहून (उजेडाकडून सावलीकडे वळताना येणाऱ्या करड्या छटेहून) गडदच राहिली पाहिजे. जाड करड्या कागदाला वाटाण्याएवढे छिद्र पाडून, एक डोळा मिटून, त्यातून आधी हनुवटीखाली आणि मग गालाच्या वळणावर पाहा; भोवतीचे झाकले गेले की खरी छटा कळते. पुतळा पांढरा आहे हे माहीत असणेच येथे आड येते.

प्रतिसाद २
वरील मताशी सहमत आहे. निळसरपणाचे कारण मात्र वेगळे आहे : आयव्हरी ब्लॅक या काळ्या रंगामध्ये पांढरा मिसळला की करडा थंडच येतो. त्यात किंचित रॉ अंबर हा तपकिरी रंग घाला. अंबरमुळे रंग लवकर वाळतो, हा वरचा लाभ. काळा ते पांढरा अशा 7 छटा पॅलेट नाइफने आधीच कालवून ठेवाव्यात, म्हणजे ऐन कामात ब्रशवरचा पांढरा सावलीत शिरत नाही. आणि नाकाच्या शेंड्यावर शुद्ध पांढऱ्याचा ठिपका देण्याचा मोह आवरा; प्लास्टर चकाकत नाही.

प्रश्नकर्ता
छिद्रातून पाहिले आणि थक्क झालो. हनुवटीखालची जागा मी निदान दोन छटा उजळ रंगवली होती. आता खरवडून पुन्हा करतो आहे. मात्र वाळलेल्या भागातले गडद रंग मातकट, निस्तेज दिसतात. त्यांच्याशी नवी छटा जुळवायची कशी?

प्रतिसाद २
तेथले तेल खालच्या थराने शोषले आहे. थर हाताला पूर्ण कोरडा लागत असेल, तर जवसाच्या तेलाचा अगदी पातळ हात फिरवून लगेच मऊ कापडाने पुसून घ्या. मूळ गडदपणा परत दिसेल आणि मगच छटा जुळवता येईल. तेल साचू देऊ नका, कारण ते कालांतराने पिवळे पडते आणि करड्या चित्रात तो पिवळेपणा लपत नाही.