पद्मिनीच्या ब्रेक ऑइलची लेव्हल उतरून रायली, गळती कुठंच दिसत नाही

वणीची_पद्मिनी
नमस्कार मंडळी. बाबांची प्रीमियर पद्मिनी आहे घरी, चालू कंडिशन, आठवड्यातून एकदा तरी वावरापर्यंत नेतोच. ब्रेक ऑइलची प्लास्टिकची डबी पार पिवळी पडली, बाहेरून लेव्हलची रेघच दिसत नाही, झाकण काढून टॉर्च मारून पाहा लागते. ऑइल काळपट झालं, तळाशी गाळ पण आहे. आणि लेव्हल हळूहळू उतरते, पण गाडीखाली एक थेंब नाही. इथला मेकॅनिक म्हणते जुनी गाडी आहे, टाकत राहा. डबी कशानं धुवायची, पेट्रोल चालते काय? दिवाळीनंतर सगळ्यांना घेऊन चिखलदऱ्याला जायचं आहे.

अकोला_गॅरेज
भाऊ, नुसतं टाकत राहू नोका. डिस्क ब्रेकवाल्या गाडीत पॅड झिजले का लेव्हल थोडी उतरते, थे चालते. तुमच्या गाडीले ड्रम आहेत, लेव्हल उतरून रायली म्हणजे ऑइल कुठंतरी जाऊन रायलं. जमिनीवर नाई दिसत कारण व्हील सिलेंडर (चाकातला, ब्रेक दाबणारा) गळला तं ऑइल ड्रमच्या आतच रायते, लायनर (ड्रमवर घासणारा ब्रेकचा थर) पिऊन घेते. चारही ड्रम खोलून सिलेंडरचे रबरी बूट उचलून पाहा, आत ओलं असलं तं तिथंच आहे. दुसरी जागा म्हणजे पेडलपाशी, मॅट उचलून मास्टर सिलेंडरच्या (पेडल दाबलं का ऑइल ढकलते थो) मागून ओल येते काय पाहा.

अन पेट्रोल, डिझेल, रॉकेल काईच लावू नोका डबीले. थोडंसं जरी आत रायलं तं सगळे रबर फुगतात, ब्रेक जाम होते, मंग मास्टरपासून चारही चाकाचे रबरी किट बदला. आयसोप्रोपिल अल्कोहोल नाईतं नवंच ब्रेक ऑइल घेऊन खंगाळा, पूर्ण वाळू द्या, मंगच बसवा. काळा गाळ म्हणजे आतले रबर झिजून रायले, किट तसंही टाकाच लागन. डबीले बारीक तडे असतील तं धुत बसू नोका, नवी टाका.

जीपवाला_ब्रह्मपुरी
वरच्या भाऊंचं बरोबर आहे. माझी जुनी महिंद्राची जीप आहे, तिचा मास्टर सिलेंडर फ्लोअरच्या खाली, भरायचं झाकण पायाखालच्या पत्र्यातून उघडा लागते, धानाच्या बांधीतला चिखल सगळा तिथंच, म्हणून झाकणाभोवती पुसल्याशिवाय मी उघडतच नाही. तुमच्या वणीत कोळशाची धूळ, तुम्ही पण आधी पुसत जा. झाकणाला हवेचं बारीक छिद्र असते ते बुजलं नाही ना पाहा.

दुसरं म्हणजे हे ऑइल हवेतला ओलावा ओढते, आपल्याकडच्या पावसाळ्यात तर विचारूच नका. डॉट 3 ग्रेडचं ऑइल नवं असताना निदान 205 डिग्रीपर्यंत उकळत नाही, पण पावणेचार टक्के पाणी मुरलं का 140 वरच उकळू शकते. डॉट 4 चं तेच 230 आणि 155. घाट उतरताना ड्रम तापले, ऑइल उकळलं, लाइनीत वाफ झाली की पेडल सरळ खाली जाते. जुन्या गाड्यांत बहुतेक चारही चाकांना ऑइलची एकच लाइन (सर्किट), एका ठिकाणी गेलं का चारही चाकं गेली. म्हणून दर दोन वर्षांनी पूर्ण ऑइल बदला, आणि अर्धी उरलेली जुनी बाटली वापरू नका. डॉट 5 सिलिकॉनचं असते, ते मिसळायचंच नाही.

वणीची_पद्मिनी
ड्रम खोलले. मागचं डावं चाक आतून पूर्ण ओलं निघालं, लायनर पण भिजले. डबीले खालून तडा आहे, नवी सांगितली नागपूरले. खूप खूप आभार, मी तर टाकतच राहिलो असतो.

अकोला_गॅरेज
सापडलं ना, बरं झालं. भिजलेले लायनर धुवून परत लावू नोका, नवे टाका, अन मागच्या दोन्ही चाकाचे जोडीनं बदला. लाइनीतली हवा काढताना मागच्या डाव्या चाकापासून सुरू करा, मास्टरपासून थेच सगळ्यात दूर आहे, मंग मागचं उजवं, पुढचं डावं, शेवटी पुढचं उजवं. एक माणूस डबीवरच नजर ठेवून राहू द्या, ती रिकामी झाली तं पुन्हा पयल्यापासून. ऑइल बॉनेटच्या पेंटवर सांडलं तं लगेच पाणी मारा, पेंट उचलते. अन पेडल कडक झाल्यावर आधी गावातल्या गावात चालवून पाहा, मंगच घाटात न्या.