शब्दचर्चा: 'सुगरण'चं पुल्लिंग काय?

मालदांडी:
रविवारी आमच्या घरी या एका शब्दावरून तासभर वाद झाला आणि भाकऱ्या गार झाल्या. म्हटलं, इथे टाकावा.

आधी माणसं सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. मी आणि माझा जोडीदार जुळे सोलापुरात आठ वर्षं एकत्र राहतोय. दोन मित्र दर रविवारी जेवायला येतात. चौघंही समलिंगी, चौघंही तोंडाळ. एकमेकांना 'काय बे' म्हणतो आणि 'अगं बाई'ही म्हणतो, पुष्कळदा एकाच वाक्यात. वयाने मोठा आहे तो पूर्व भागातला, घरी तेलुगू बोलणारा, विणकराचा नातू. त्याला आम्ही अक्का म्हणतो. सोलापुरात हा शब्द फार सोयीचा, तेलुगू, कन्नड आणि मराठी अशा तिन्ही भाषांतून एकदम चिडवता येतं. त्याच्या घरी गेलो की मात्र आम्ही तिघं शहाण्यासारखे 'अन्ना, अन्ना' करतो. चप्पल घातली की पुन्हा अक्का.

तर त्या दिवशी जोडीदाराने शेंगाची चटणी केली होती. उखळात कुटून. भाजलेले शेंगदाणे, लसूण, जिरं, तिखट, मीठ, आणि तेल सुटेस्तोवर बत्ता. चिमटीत दाबली की तिचा खडा झाला पाहिजे आणि बोटं लाल तेलाने माखली पाहिजेत. मिक्सरला लावली की नुसता तिखट कूट होतो, तो कोशिंबिरीत घाला. अक्काने एक घास घेतला, डोळे मिटले आणि म्हणाली, "सुगरण आहेस गं तू."

आमचा चौथा म्हणजे व्याकरणाचा फौजदार. तो लगेच: "सुगरण स्त्रीलिंगी आहे. पुरुषाला काय म्हणशील?"
अक्का: "पुरुष कुठाय बे इथं?"

हसून झालं, पण प्रश्न काही गेला नाही. आचारी म्हणावं तर तो लग्नात पैसे घेऊन रांधणारा. स्वयंपाकी म्हणजे नोकरीला ठेवलेला. बल्लवाचार्य म्हटलं की वर्षातून दोनदा पोरांसाठी पावभाजी करणारा आणि ओट्यावरची भांडी बायकोसाठी सोडणारा बाप डोळ्यांपुढे येतो. रोज सकाळी उठून, डब्यात किती पीठ उरलंय ते बघून, कालच्या वरणाचं आज काय करायचं ते ठरवणाऱ्या पुरुषाला मराठीत शब्द आहे का?

कोशकिडा:
सरळ पुल्लिंगी रूप नाही. 'सुगरण' हा 'सुगृहिणी'चा झिजलेला अवतार, मूळच घरच्या बाईचं नाव, मग त्याचा पुरुष कुठून आणायचा? मात्र एक लक्षात घ्या. जुना अर्थ नुसता चवीचा नाही. घर नेटकं ठेवणारी, काटकसरीने चालवणारी, ती सुगरण. पुढे अर्थ आकसून चुलीपाशी येऊन बसला. तुम्ही डब्यातल्या पिठाचं लिहिलंत, ते त्या जुन्या अर्थाच्या जवळचं.

पुरुषांच्या वाट्याला आलेले शब्द बघा, सगळे वेषांतराचे. भीम विराटाच्या घरी वर्षभर लपला तेव्हा बल्लव झाला. 'नळपाक' ज्याच्यावरून आला तो नळ बाहुक होऊन ऋतुपर्णाकडे राहिला, आणि दमयंतीने त्याला त्याच्या हातच्या चवीवरून ओळखलं. आपल्या स्वतःच्या घरी, स्वतःच्या नावाने रांधणारा पुरुष पुराणातही चटकन सापडत नाही.

मालदांडी:
हे अक्काला वाचून दाखवलं. ती म्हणते, त्याच विराटाच्या वाड्यात अर्जुन बृहन्नडा होऊन वेणी घालून नाच शिकवत होता, ते का गाळलं? एक भाऊ स्वयंपाकघरात, एक नाचाच्या दालनात. "आपलाच रविवार की तो," म्हणे.

माळरान:
शब्द सोडा, पक्षी बघा. सुगरणीचं घरटं नर विणतो! गवताच्या पात्याच्या लांब चिंध्या काढतो आणि चोचीने गाठी मारत बसतो. घरटं अर्धं, घंटेएवढं झालं की माद्या बघायला येतात. पसंत पडलं तर मादी आत बसते आणि हा खाली नळीसारखं दार विणून पुरं करतो. नाही पडलं तर गप ते सोडून नव्याला हात घालतो. पावसाळ्यात, विणीच्या दिवसांत, याचं डोकं पिवळंधमक होतं. मादी आपली मातकट. म्हणजे घर लावणं आणि नटणं, दोन्ही खाती बाप्याकडे. सोलापूरच्या बाहेर कुठल्याही विहिरीवरच्या बाभळीकडे जुलै-ऑगस्टात मान वर करून बघा, दिसेल.

(मादी अंड्यांवर बसली की हा दुसरीसाठी दुसरं घरटं सुरू करतो. हे तुमच्या जोडीदाराला सांगू नका.)

मालदांडी:
सांगितलं. म्हणाला, एका घराचा फरशी-पोछा उरकत नाही, दुसरं कोण काढतंय.

कडकलक्ष्मी:
सगळं वाचलं, हसले, आता जरा मिठाचा खडा टाकते.

लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीला सासूबाई चार पाहुण्यांत म्हणाल्या, "सुगरण आहे हो आमची." त्या दिवसापासून गड्ड्याच्या यात्रेला येणाऱ्या सगळ्या पाहुण्यांच्या शेंगापोळ्या माझ्याकडे लागल्या. गूळ किसायचा, कूट चाळायचा, पोळी फुटू द्यायची नाही. यंदा अकरावं वर्ष. तुम्हाला हा शब्द शाबासकी म्हणून मिळतो, आम्हाला नेमणूक म्हणून. तुमची अक्का ताटावरून उठली की तिचं बाईपण संपतं, ती अन्ना होऊन घरी जाते आणि तिला आयतं ताट मिळतं. खरं की नाही?

सातरस्ता:
खरं.

मालदांडी:
ताई, अक्काच्या बाबतीत शंभर टक्के खरं. तिला चहाही धड येत नाही, उतू घालवते. चिडवायला 'गं' म्हणायचं आणि वाढायच्या वेळी मांडी घालून बसायचं, ही आमच्यातही खोड आहे. तुमचं वाचल्यावर अक्का दोन मिनिटं गप्प होती. दोन मिनिटं म्हणजे तिच्या हिशेबात मौनव्रत.

पण जोडीदाराचं वेगळं आहे, ते सांगतो. तो सांगोल्याकडच्या खेड्यातला. आई बहिणीला भाकरी शिकवायची तेव्हा हा काठवटीशेजारी बसून बघायचा. त्याला कुणी शिकवली नाही, बघून आली. पीठ जुनं झालं की विरी, म्हणजे पिठाचा चिकटपणा, जाते, मग कडा फाटतात, अशा वेळी आधणाचं पाणी घालायचं, हे त्याला नवव्या-दहाव्या वर्षी ठाऊक होतं. आजही तो पीठ नुसतं चिमटीत घेऊन सांगतो, "विरी नाय याला." भाकरी थापताना त्याचा तळवा परातीत असा फिरतो की भाकरी आपोआप गरागरा फिरते, आणि तव्यावर टाकल्यावर पाणी लावायला तो चारच बोटं वापरतो, आईसारखी. मी आठ वर्षं बघतोय, मला अजून जमत नाही. माझ्या भाकरीचा नकाशा होतो.

तर एकदा वडिलांनी त्याला काठवटीवर पाहिलं. पाठीत धपाटा घातला आणि म्हणाले, "बायल्या हैस काय रं?" तो शब्द त्याने आयुष्यात पहिल्यांदा तिथे ऐकला, हाताला पीठ असताना. पुढे शाळेत, एसटीत, हॉस्टेलात ऐकला तेव्हा नवा नव्हता.

म्हणून आम्ही वाद घालत होतो तेव्हा तो तव्यापाशी उभा राहून शेवटी एवढंच म्हणाला: "मला पुल्लिंग नको. अक्का म्हणली तेच ऱ्हाऊ द्या." बल्लवाचार्य म्हटलेलं त्याला आवडत नाही, हे मला तेव्हा कळलं. मी कौतुकाने म्हणायचो.

मलाही आता तसंच वाटतं. सुगरण्या, सुगरणा वगैरे बनवत बसू नये. शब्द बाईचा आहे, बाईचाच राहू दे, आणि ज्याला शोभतो त्याने तो तसाच घ्यावा. व्याकरण अडवत नाही. 'व्यक्ती' स्त्रीलिंगीच आहे, तरी पैलवानालाही लावतोच ना?

सातरस्ता:
शिवाय कोल्हापूरकडच्या मुली सर्रास 'मी आलो, मी जातो' म्हणतात, त्यांना कुणी पुरुष समजत नाही. क्रियापदाची लिंगं आपल्याकडे तशीही सैलच आहेत.

कोशकिडा:
बरोबर, मात्र 'तो सुगरण आहे' असं लिहा. 'ती सुगरण आहे' म्हटलंत तर त्याचं लिंग बदललंत, शब्दाचं नाही. दोन वेगळ्या गमती आहेत.

मालदांडी:
दोन्ही गमती आमच्याकडे चालतात. कधी कुठली, ते बोलणाऱ्याच्या मानेवरून कळतं.

कडकलक्ष्मी:
जोडीदाराची गोष्ट वाचून बरं वाटलं नाही, म्हणजे चांगल्या अर्थाने बरं वाटलं नाही. सुगरण शब्द त्यांना माझ्याकडून दिला. शेंगापोळ्यांसकट न्यावा.

आणखी एक सुचलं. माझं हे टोपणनाव घ्या. कडकलक्ष्मी म्हणून दारात येतो तो बाप्याच असतो. पोतराज. केस वाढवलेले, कपाळभर मळवट, कमरेला रंगीत चिंध्यांचा घागरा. त्याला आमच्या गल्लीत कुणी बायल्या म्हणत नाही, बाया पुढे होऊन त्याच्या सुपात धान्य घालतात.

माळरान:
चाबकाची भीती असेल.

पूर्वभाग_टॉवेल:
नटण्याच्या खात्याचंही बघू या का? 'अजागळ' शब्दाचा उगम कुणाला माहीत आहे? आमच्याकडे इस्त्री न केलेल्या माणसाला म्हणतात.

कोशकिडा:
अजा म्हणजे शेळी. काही शेळ्यांच्या गळ्याला दोन लोंबत्या गाठी असतात, संस्कृतात त्यांना 'अजागलस्तन' म्हणतात. दिसायला सड, दूध थेंबभर नाही. निरुपयोगी गोष्टीला ही उपमा देत. आपल्याकडे येईपर्यंत उपयोगाचा मुद्दा मागे पडला आणि लोंबण्याचा पुढे आला.

मालदांडी:
हे फार कामाचं निघालं! आमच्या फौजदाराने दिवाळीला सोलापुरी चादरीची बंडी शिवून घेतली होती. खरी चादर, जकार्डवरची, लाल-काळी, पाठीवर अख्खा मोर. शिंप्याची मशीन दोनदा अडली म्हणे. ती घालून तो आला तेव्हा दारातच सुरू झालं.

अक्का: "अगं, थंडी वाजतीय का झोप आलीय?"
जोडीदार: "अंथरूण पाहून पाय पसरावे म्हणतात, अंगात घालावं म्हणत नाहीत."
फौजदार: "भौगोलिक मानांकन मिळालेला माल आहे अंगावर. तुमच्या अंगावर काय आहे? सेलमधला टी-शर्ट. अजागळ कुठले."

अक्काने मग विणकराच्या नजरेने बंडीची कड उलटून पाहिली, धागे मोजल्यासारखं केलं, आणि म्हणाली, "विणकाम झकास आहे. बाकी तू नटमोगरीच." त्या संध्याकाळचा तो सगळ्यात मोठा मान होता. फौजदाराने रात्री अकरापर्यंत बंडी काढली नाही. पंखा पाचवर होता.

शेळीची गोष्ट त्याला येत्या रविवारी सांगणार आहे.

सातरस्ता:
शब्द निघालेच आहेत तर 'कुटुंब' घ्या. जुनी माणसं 'आमचं कुटुंब गावी गेलंय' म्हणत ते बायकोबद्दल. आणि शब्द नपुंसकलिंगी! स्त्री-पुरुषाचा झगडाच मिटला. तुम्ही दोघं एकमेकांना तेच म्हणा.

मालदांडी:
व्याकरणातलं ते तिसरं लिंग आमच्या मंडळात वेगळ्या कारणाने गाजलेलं आहे, पण ते असो.

'कुटुंब' मात्र आम्हाला सरकारदरबारी भेटलं. २०२३ साली सुप्रीम कोर्टाने समलिंगी लग्नाला मान्यता द्यायला नकार दिला. पुढच्या वर्षी, २०२४ मध्ये, केंद्राच्या अन्न खात्याने राज्यांना कळवलं की रेशनकार्डापुरतं अशा जोडीदारांना एकाच घरातलं धरावं. आम्ही बातमी वाचली तेव्हा जोडीदार ज्वारी निवडत होता. मान वर न करता म्हणाला, "म्हणजे आपण आता धान्याने एकत्र." मग 'कुटुंबप्रमुख' कोण यावरून जे जुंपलं ते अजून मिटलेलं नाही. कारभारी मी, असं मी म्हणतो. तो म्हणतो, कारभार कुणाचा ते गॅस कधी संपतो हे कुणाला माहीत असतं त्यावरून ठरवा. मला माहीत नसतं.

पूर्वभाग_टॉवेल:
शेवटचा प्रश्न. नटमोगरीचं पुल्लिंग?

कोशकिडा:
नाही. ओढूनताणून केलंच तर 'नटमोगऱ्या' होईल.

सातरस्ता:
ते तर नटमोगरीचं अनेकवचन झालं.

कोशकिडा:
हो. एक पुरुष की अनेक बायका, ते क्रियापद येईपर्यंत कळायचं नाही. नटमोगऱ्या आला, नटमोगऱ्या आल्या.

मालदांडी:
आमच्याकडे रविवारी सातला. आल्या.