ग्वाटेमालात जाऊन तारा ओढणारे अमेरिकन लाईनमन : टाळ्या वाजवायच्या की प्रश्न विचारायचे?

डीओ_उडाला (धागाकर्ता) :
मी वीज वितरणात काम करतो त्यामुळे असले व्हिडिओ लोक मला आवर्जून पाठवतात. परवा आला तो अमेरिकन लाईनमन लोकांचा. तिकडे खेड्यापाड्यात वीज सहकारी संस्था देतात, त्यांची देशपातळीवरची संघटना एनआरईसीए, आणि तिची एक आंतरराष्ट्रीय शाखा आहे, १९६२ साली केनेडींच्या काळात यूएसएडशी (अमेरिकन सरकारची परदेशी मदत देणारी संस्था) करार होऊन सुरू झालेली. तर या संस्थांचे लाईनमन स्वतःहून नाव देतात, दोन-तीन आठवडे ग्वाटेमाला नाहीतर बोलिव्हियाच्या डोंगरात जातात आणि घरात कधीच लाईट नसलेल्या गावाला लाईट देऊन येतात. बकेट ट्रक (माणसाला पोलपर्यंत उचलणारी गाडी) तिथे चढत नाही, मग पायाला काटे बांधून लाकडी पोलवर चढायचं, तार हाताने ओढायची, गावकरी खालून दोर धरून जोर लावतात. घरटी तीन-चार एलईडी आणि एक-दोन प्लग. शेवटच्या दिवशी बटण दाबलं की मिठ्या, रडारड, भाषणं, आणि खाली कमेंटमध्ये नुसतं सॅल्यूट सॅल्यूट.

कामाबद्दल शंका नाही हो. गाळे (दोन पोलांमधलं अंतर) बघितले, तारांचे ताण बघितले, एकदम नीट काम आहे. खटकतंय ते वेगळंच.

ग्वाटेमालात वीज सगळ्यात कमी पोचलेला भाग म्हणजे आल्ता वेरापास, केकची माया लोकांचा मुलूख. आणि देशातलं सगळ्यात मोठं जलविद्युत केंद्र चिशोय, ३०० मेगावॅट, ते कुठेय? तिथेच. जागतिक बँक आणि इंटर-अमेरिकन डेव्हलपमेंट बँकेच्या कर्जातून उभं राहिलेलं. पाण्याखाली जाणाऱ्या रिओ नेग्रो गावातले आची माया लोक हलायला तयार नव्हते तर १९८२ मध्ये लष्कर आणि त्यांच्या हाताखालच्या टोळ्यांनी बायकापोरांसकट शेकडो माणसं मारली. भरपाईचा सरकारी निर्णय व्हायला २०१४ उजाडलं. वीज गेली राजधानीकडे, डोक्यावरून हायटेन्शन आणि खालच्या झोपडीत मेणबत्ती. मग त्या डोंगरात वीज नाही ती लाईनमन मिळत नाहीत म्हणून, का तार तिथे न्यायची कोणी ठरवलंच नाही म्हणून?

आणि टीम विमानात बसल्यावर काय? पावसाळ्यात फांदी पडली, डीओ (पोलवरचा ड्रॉप-आउट फ्यूज) उडाला, आता चढणार कोण? माझं मत सरळ आहे, पटो न पटो : गावातली निदान दोन माणसं पोलवर चढायला तयार केलेली नसतील आणि त्यांना पैसे कोण देणार हे ठरलेलं नसेल तर ती लाईन ओढूच नये.

खांबावरचा_कावळा :
ओढूच नये??? स्वतःच्या घरात एसी लावून हे लिहिणं सोपं आहे साहेब.
मी पण लाईनवरचाच माणूस, आता रिटायर. तुम्ही ज्यांच्यावर घसरलाय ते शाळेची भिंत रंगवायला जाणारे हौशी कॉलेजकुमार नाहीत, वीस-वीस वर्षं पोलवर काढलेली माणसं आहेत. ग्वाटेमालात व्होल्टेज १२०, फ्रिक्वेन्सी ६०, म्हणजे अमेरिकेसारखंच, डीपी पण तसाच, छोटा सिंगल फेज ट्रान्सफॉर्मर पोलला टांगलेला. हात बसलेलाच असतो त्यांचा.
आणि हे लोक जातात का, त्याला इतिहास आहे. १९३५ साली खुद्द अमेरिकेत दहातल्या नऊ शेतांवर वीज नव्हती. खाजगी कंपन्या म्हणायच्या एवढ्या लांब तार नेणं परवडत नाही. मग रूझवेल्टच्या काळात ग्रामीण विद्युतीकरण प्रशासन आलं, सरकारने कर्ज दिलं, शेतकऱ्यांनी पाच-पाच डॉलर भरून सहकारी संस्था काढल्या आणि स्वतःच्या हाताने खड्डे खणले. आजचे हे लाईनमन त्याच संस्थांच्या पगारावर आहेत. आपल्या आजाला कोणीतरी लाईट दिली, आता आपण द्यावी, यात मिरवणं कुठे आलं?

हिशेबनीस :
कावळेकाका भावना समजली पण हिशोब करा की जरा. दहा-पंधरा जणांची विमानाची तिकिटं, राहणं, विमा, आणि इकडे त्यांच्या जागी कामाला माणूस ठेवायचा तो खर्च वेगळाच. ग्वाटेमालात लाईनमन नाहीत का? आहेत. ते तिथल्या पगारात हेच काम करतील, स्पॅनिश बोलतील, एखादा केकची पण बोलेल, आणि पुढच्या महिन्यात फॉल्ट आला तर बसने येऊ शकतील. पाहुण्याने जेवण रांधायचं आणि घरच्याने ताटं मांडून बघत बसायचं असा हा प्रकार झाला.

अबोली :
@हिशेबनीस, कागदावर बरोबर आहे तुमचं. पण तो पैसा तसा मोकळा नसतोच हो. संस्थेचे सभासद पैसे देतात कारण "आपल्या गावचा अमुक गडी" जातोय. तोच चेक ग्वाटेमालातल्या ठेकेदाराच्या नावाने काढा म्हटलं तर निम्मे लोक पाठ फिरवतील. सीएसआरमध्ये काम करते म्हणून सांगतेय, देणाऱ्याला चेहरा लागतो, वाईट वाटलं तरी असंच आहे ते.

मुंगूस :
म्हंजे गावाला लाईट मिळणार ती देणाऱ्याचा फोटो चांगला येतो म्हणून. वा. चालू द्या.

टांझानियावासी :
धागा ग्रिडच्या लाईनचा आहे पण मी जे बघितलं ते सोलरचं, तरी मुद्दा तोच म्हणून लिहितो. नोकरीनिमित्त टांझानियात बरीच वर्षं आहे. आमच्या साईटपासून आत एक दवाखाना आहे, तिथे युरोपातल्या एका चर्चची टीम येऊन सोलर बसवून गेली होती. उद्घाटनाची पाटी अजून चकचकीत आहे. बॅटरीच्या खोलीत गेलो तर आठ बॅटऱ्या ओळीत, टर्मिनलवर हिरवं-पांढरं चढलेलं, दोन-तीन तर फुगलेल्या, झाकण उघडलं तर आत पाण्याचा थेंब नाही. लेड-ॲसिड बॅटरीला डिस्टिल्ड वॉटर घालत राहावं लागतं हे कोणी सांगितलंच नव्हतं, किंवा ज्याला सांगितलं तो बदली होऊन गेला. चार्ज कंट्रोलरवर (बॅटरीचं चार्जिंग सांभाळणारा डबा) लाल दिवा. भिंतीवर माहितीपत्रक छान लॅमिनेट करून टांगलेलं, सगळं जर्मनमध्ये! नर्सबाई म्हणाल्या रात्रीच्या बाळंतपणाला मोबाईलचा टॉर्च तोंडात धरायचा. बॅटरीवर बसून वॉचमन जेवतो.
त्या टीममधले लोक वाईट नव्हते, उलट फार प्रेमळ होते असं सगळे सांगतात. पण लेड-ॲसिड नीट सांभाळली तरी चार-पाच वर्षांत बदलावीच लागते आणि त्या पैशाचा डबा कोणी ठेवलाच नव्हता. धागाकर्त्याला पूर्ण पाठिंबा.

खांबावरचा_कावळा :
अहो पण हे तर माझ्याच बाजूचं उदाहरण झालं. म्हणूनच तार पाहिजे, डबडी नकोत. पोल आणि कंडक्टर (म्हणजे तार) एकदा नीट बसवला, झाडं वेळच्या वेळी छाटली की पंचवीस-तीस वर्षं बघायला नको.

उलटा_चष्मा :
छाटणार कोण हाच तर प्रश्न आहे काका :D

कंदील :
मला एक कळत नाही, २०२६ मध्ये तारा ओढायच्याच कशाला. लिथियम बॅटरी स्वस्त झालीये, पाणी घालायची भानगड नाही, पॅनल तर कौलाच्या भावात. डोंगरात विखुरलेली घरं, प्रत्येकाला एकेक छोटी सोलर किट द्या, लाईनमन पण नको आणि लाईन पण नको. जगात अजून ६६ कोटीच्या आसपास लोक विजेशिवाय आहेत, बहुतेक सगळे सहाराच्या खालच्या आफ्रिकेत, त्या सगळ्यांपर्यंत पोल नेत बसलात तर नातवंडं म्हातारी होतील.

अबोली :
@कंदील, सोलर किटवर तीन बल्ब आणि मोबाईल चालतो. मान्य, रॉकेलपेक्षा लाख पटीने बरं. पण त्या गावांत बायकांचा दिवस कशाने सुरू होतो? मका दळण्याने. चुन्याच्या पाण्यात शिजवलेला मका, पहाटे उठून, रोज. हातानेच दळायचा नाहीतर टोपली डोक्यावर घेऊन डिझेलची गिरणी जिथे असेल तिथवर चालत जायचं. सिंगल फेजची लाईन आली की गावात दोन-चार हॉर्सपॉवरची गिरणी बसू शकते. तुमच्या किटवर ती बसत नाही. वीज म्हणजे रात्रीचा उजेड असं धरून चाललो की असली कामं दिसतच नाहीत, आणि योजना आखणारे बहुतेक पुरुष असतात, जाऊ दे.

कंदील :
गिरणीचा मुद्दा चांगला आहे, पण त्यासाठी गावापुरतं मिनिग्रिड करता येतं की. मोठ्या सोलरवर गिरणी चालते.

हिशेबनीस :
चालते, आणि मग युनिटचा दर ग्रिडच्या कितीतरी पट जास्त पडतो. गरिबाने महाग वीज घ्यायची आणि राजधानीतल्याने स्वस्त.

निवडुंग :
इतकी चर्चा झाली आणि तिलोनियाचं नाव नाही? राजस्थानातलं बेअरफूट कॉलेज, बंकर रॉय यांनी १९७२ मध्ये सुरू केलेलं. आफ्रिका, लॅटिन अमेरिकेतल्या खेड्यातल्या बायका, बऱ्याचशा आज्याच, शाळेचं तोंड न बघितलेल्या, त्यांना सहा महिने तिथे ठेवून सोलर बसवायला आणि दुरुस्त करायला शिकवतात. भाषा कॉमन नाही, रंगांवरून आणि खुणांवरून सर्किट शिकतात. आजीच का, तर तरुण पोरगा सर्टिफिकेट घेऊन शहरात पळतो, आजी गावात राहते. टीम पाठवण्याऐवजी माणूस बोलवा, शिकवा, परत पाठवा. विषय संपला.

टांझानियावासी :
विषय एवढ्यात संपत नाही. आजी शिकून आली तरी जळलेला कंट्रोलर आजी बनवू शकत नाही, सुटा भाग शहरातूनच आणायचा आणि तो आणायला पैसे. पण हो, कुठला भाग जळलाय हे तिला कळतं, आमच्या दवाखान्यात तेही कोणाला कळत नव्हतं.

उलटा_चष्मा :
एक काडी टाकून जातो. त्या अमेरिकन लोकांना ग्वाटेमालापर्यंत जायची गरजच काय, नवाहो लोकांच्या राखीव प्रदेशात, खुद्द अमेरिकेत, आजही हजारो घरांना वीज नाही. तिथे २०१९ मध्ये 'लाईट अप नवाहो' नावाने हेच सुरू केलं, दुसऱ्या राज्यांतले सरकारी वीज कंपन्यांचे लाईनमन आले आणि पहिल्याच फेरीत दोनशेच्या वर घरं जोडली. जगातल्या सगळ्यात श्रीमंत देशात घरातली वीज स्वयंसेवकांच्या भरवशावर! धागाकर्त्याचा 'कोणी ठरवलंच नाही' हा मुद्दा इथे जास्त चपखल बसतो.

खांबावरचा_कावळा :
म्हणजे दोनशे घरं जोडली गेली ना? मग? सरकार ठरवेपर्यंत त्या दोनशे घरांनी अंधारात बसायचं का तत्त्वासाठी? मला हेच कळत नाही तुम्हा लोकांचं. धरणावरून तार कोणी नेली नाही हा अन्याय आहे, शंभर टक्के. पण आज जे पोरगं मेणबत्तीपुढे पुस्तक धरून बसलंय त्याला तुम्ही आधी इतिहासाची भरपाई होऊ दे म्हणून सांगणार?

डीओ_उडाला (धागाकर्ता) :
एवढे प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं. सगळ्यांना उत्तर देत नाही, दोनतीन गोष्टी.

कावळेकाका, मेणबत्तीपुढचं पोरगं पुढे केलं की समोरचा गप्प बसतो हे तुम्हालाही माहितीये. मी वीज नको म्हणत नाहीये, कोणाच्या ताब्यात देऊन जाणार ते आधी ठरवा म्हणतोय. आणि हे होतं बरं का. ग्वाटेमालातच इक्सकान भागात नगरपालिकेची स्वतःची ग्रामीण वीज संस्था आहे, मीटर लावते, बिल वसूल करते, तिची माणसं दुरुस्तीला जातात. अशा संस्थेच्या हातात लाईन जाणार असेल तर बाहेरच्या लाईनमनने खुशाल चढावं, मीच त्याला काटे बांधून देतो. तुमची १९३५ ची गोष्ट पण हेच सांगते की, तिथे कोणी पाहुणा येऊन पोल लावून गेला नव्हता, कर्ज होतं, सभासद होते, बिलं होती.

दुसरं, ज्याबद्दल व्हिडिओत एक सेकंद पण नसतो. घरात पहिल्यांदाच वीज आली की माणसं तिला घाबरत नाहीत. फ्यूज उडाला की त्यात जाड तार कोंबतात, आधीच्याच वायरीला पीळ देऊन शेजाऱ्याला कनेक्शन देतात, जोडावर टेप नाही काही नाही, ओली चादर सर्व्हिस वायरवर वाळत घालतात. अर्थिंगचा रॉड उपटून दुसरीकडे वापरतात. हे मी आमच्याकडे रोज बघतो आणि इथे तर बोंब मारायला ऑफिस तरी आहे. तिथे पहिला महिनाभर घरोघर फिरून सांगणारं कोणीतरी पाहिजे, त्यांच्या भाषेत. दोन-तीन आठवड्यांत तारा ओढून होतात, हे होत नाही.

तिसरं कंदील यांना, आकडे मोठेच आहेत. म्हणूनच जागतिक बँक आणि आफ्रिकन डेव्हलपमेंट बँकेने २०२४ मध्ये 'मिशन ३००' जाहीर केलं, २०३० पर्यंत आफ्रिकेत ३० कोटी लोकांना वीज. त्यात ग्रिड पण आहे, मिनिग्रिड पण आणि सोलर पण. स्वयंसेवकांच्या टीमा त्या आकड्यापुढे कुठेच लागत नाहीत.

मुंगूस :
यूएसएड २०२५ मध्ये बंदच करून टाकली त्यांनी. म्हणजे सरकारने हात वर केले आणि आता लाईनमनच्या सुट्ट्या उरल्या. घ्या.

अबोली :
@डीओ_उडाला, ओल्या चादरीचा मुद्दा वर धाग्यातच टाका, तो सगळ्यात महत्त्वाचा आहे आणि खाली कोणी वाचणार नाही. पण तुमच्या 'दोन माणसं' मध्ये एक बाई असली पाहिजे असं मी म्हणेन. पुरुष कामासाठी गाव सोडून जातात, अमेरिकेपर्यंत जातात, घरी बायकाच असतात.

खांबावरचा_कावळा :
बाईला पोलवर चढवणार?

अबोली :
का, काटे पुरुषांच्याच मापाचे येतात का?

डीओ_उडाला (धागाकर्ता) :
काका, आमच्या विभागात महिला तंत्रज्ञ आहेत, चढतात. तुम्ही रिटायर झाल्यावर बरंच काय काय झालंय :) अबोली, संपादन करून वर टाकतो. आणि टांझानियावासी, त्या दवाखान्याच्या बॅटऱ्यांची व्होल्टेज-ॲम्पिअर अवर आणि कंट्रोलरवर काय लिहिलंय ते जमलं तर कळवा, फोटो असेल तर उत्तमच. लिथियमवर न्यायचं तर तो कंट्रोलर चालेल का ते बघून सांगतो. नर्सबाईंना एवढंच विचारून ठेवा की महिन्याला थोडे थोडे पैसे बाजूला टाकायला तिथली कमिटी तयार आहे का. नसेल तर मी त्यात पडणार नाही.