चिऊला घेऊन मुंबई–गोवा जहाज : घरच्या ग्रुपवरची चर्चा

*चिऊची आई*
मंडळी, आमचं जवळपास ठरलं आहे. डिसेंबरात मुंबई–गोवा–मुंबई, दोन रात्रींचं जहाज. आम्ही दोघं, चिऊ आणि आजी. पैसे अजून भरले नाहीत. चिऊचं तुम्हाला माहीतच आहे : वय 15, वजन 47 किलो, ऑटिझम, बौद्धिक अक्षमता आणि फिट्स, बोलणं दोन-चार शब्दांचं. ज्याला जे ठाऊक आहे ते लिहा. "नका जाऊ" एवढं सोडून सगळं ऐकते.

*मोठे बाबा (हिंगणघाट)*
जा ना, काऊन नाही जायचं. महिना बरोबर निवडला. जून ते सप्टेंबर अरबी समुद्र खवळलेला राहते, नोव्हेंबर ते फेब्रुवारी शांत. आता गाडीचं सांगतो. रेल्वेचं दिव्यांग कार्ड वेगळं राहते, यूडीआयडी (केंद्र सरकारचं दिव्यांग ओळखपत्र) दाखवलं म्हणजे झालं असं समजू नका. सरकारी डॉक्टरची सही-शिक्का रेल्वेच्याच नमुन्यावर लागते. त्यात बौद्धिक अक्षमतेचा उल्लेख पाहिजे, नुसतं ऑटिझम लिहिलं तर सवलत अडते. सोबतीशिवाय प्रवास करू शकत नाही, हे वाक्यही त्यातच पाहिजे. अर्ज ऑनलाइन करून नागपूर मंडळाकडून कार्ड भेटते. त्याला वेळ लागते, म्हणून याच आठवड्यात टाका. स्लीपर आणि थर्ड एसीत 75 टक्के सूट, सेकंड एसीत 50, आणि सोबतच्या एकाला तेवढीच. दिव्यांग कोट्यातून खालचा बर्थ मागा. फिट्सच्या लेकराला वरचा-मधला द्यायचाच नाही.

*मोठे बाबा (हिंगणघाट)*
आणि ज्या दिवशी जहाज त्याच दिवशी सकाळी मुंबईत उतरू नका. वर्धेवरून विदर्भ एक्सप्रेस सकाळी सीएसएमटीला पोचवते खरी, पण गाडी तीन तास लेट झाली तर जहाज थांबत नाही. आदल्या दिवशी पोचा, स्टेशनजवळ खोली करा.

*आत्या (वर्धा)*
लेट व्हायची गोष्ट आहेच, पण खरं कारण झोप. रात्रभर गाडीत अर्धवट झोप आणि दुसऱ्या दिवशी लाइन, गर्दी, भोंगा. झोप मोडली की फिट यायची शक्यता वाढते. एक रात्र खोलीत पूर्ण झोपू द्या, मग पोर्टवर न्या.

*बाळूदादा (जहाजावर नोकरी)*
काकू, समुद्राची भीती तुम्हाला जास्त वाटत असेल, पण डिसेंबरात समुद्र शांत असतो. अवघड आहेत ते जहाज सुटायच्या आधीचे चार तास. त्याचीच तयारी करा.

क्रम असा असतो. घरूनच वेब चेक-इन, त्यात बोर्डिंगची वेळ मिळते. पोर्टच्या गेटवर ओळखपत्र आणि बोर्डिंग पास. देशातल्या फेरीला पासपोर्ट लागत नाही, चिऊचं मूळ आधार कार्ड ठेवा. मग मोठ्या बॅगांना टॅग लावून त्या घेऊन जातात. मग सिक्युरिटीचं मशीन, मग काउंटरवर फोटो आणि की-कार्ड, मग पुन्हा रांग, मग जहाज. सीएसएमटीहून बॅलार्ड पिअर (जहाजाचा धक्का) टॅक्सीनं दहा मिनिटं, पण आतल्या रांगांना दोन तासही लागू शकतात. बुकिंग नंबर टाकून कंपनीला आधी ईमेल करा : अमुक अपंगत्व, उभं राहून थांबणं जमत नाही, प्राधान्यानं बोर्डिंग आणि बसायला जागा हवी. उत्तराचा प्रिंट सोबत ठेवा. काउंटरवरच्या माणसाला ईमेल माहीत नसतो, कागद दाखवला की काम होतं.

टॅग लावून दिलेल्या बॅगा केबिनच्या दाराशी यायला संध्याकाळ होते. त्यात चिऊचं काहीही टाकू नका. औषधं, कपड्यांचा एक जोड, तिची चादर, हेडफोन, टॅब, खाऊ हे सगळं पाठीवरच्या बॅगेत.

*चिऊची आई*
केबिन बाल्कनीची घ्यायची म्हणतो. तिला पाणी पाहायला आवडते.

*मामा (अमरावती)*
बाल्कनी नको. कठड्याला आडव्या दांड्या असोत की काच, खुर्ची ओढून चढायला दोन सेकंद लागतात. खिडकीची केबिन घे. खिडकी उघडत नाही आणि पाणी दिसतं.

*आत्या (वर्धा)*
मी तर बिनखिडकीची म्हणेन. दिवा बंद केला की पूर्ण काळोख, झोप चांगली लागते. सकाळी सहाला उजेड आला की चिऊ उठून बसते.

*मामा (अमरावती)*
ताई, बिनखिडकीच्या खोलीत दिवस की रात्र कळत नाही. आमच्या मुलांना घड्याळापेक्षा उजेडावरून दिवस समजतो. खिडकीची घ्या आणि जाड पडदा रात्रीच ओढून ठेवा, दोन्ही साधेल.

*बाळूदादा (जहाजावर नोकरी)*
मामांचं बरोबर. खालचा मजला आणि जहाजाच्या लांबीच्या मध्यावरची केबिन मागा, तिथं हेलकावा सगळ्यात कमी. नकाशात वर-खाली काय आहे ते पाहा. वर स्विमिंग पूल असेल तर सकाळी सहाला खुर्च्या ओढल्याचा आवाज येतो, खाली थिएटर असेल तर रात्री बाराला ढोल.

एक गोष्ट बहुतेक जण विसरतात. चौघांची एक केबिन स्वस्त पडते, पण त्यात दोन पलंग खाली आणि दोन भिंतीतून उघडणारे वरचे. आजी वर चढणार नाही, चिऊला वर झोपवायचं नाही, म्हणजे तुम्ही दोघं वर. रात्री तिला फिट आली तर अंधारात शिडी उतरून खाली यायचं. म्हणून समोरासमोर दोन केबिन घ्या. एकीत काकू आणि चिऊ, दुसरीत काका आणि आजी. चौघं खालीच झोपाल.

*चिऊची आई*
हे डोक्यातच आलं नव्हतं. आणि दार? ती घरी रात्री कडी काढून अंगणात जाते.

*बाळूदादा (जहाजावर नोकरी)*
केबिनचं दार आतून नुसतं हँडल दाबलं की उघडतं. आग लागली तर माणूस अडकू नये म्हणून तसंच बनवतात. त्याला दोरी बांधू नका, बॅग आडवी लावू नका, धुरात तुम्हालाच सापडणार नाही. बॅटरीवरचा दाराचा अलार्म आणा, दोन तुकड्यांचा, दार सरकलं की वाजणारा. केबिनच्या भिंती आणि दारं सहसा पोलादी असतात, त्यामुळे चुंबकाच्या वस्तू चिकटतात. बाहेरच्या बाजूला तिच्या ओळखीचं चित्र चुंबकानं लावा. जहाजाचा पॅसेज लांबलचक आणि सगळी दारं सारखी, मोठी माणसंही चुकतात.

संडासाचा फ्लश हवेनं ओढणारा असतो, एकदम फट्कन मोठा आवाज. ती बाहेर आल्यावर झाकण लावून तुम्हीच बटण दाबा. पहिल्याच वेळी घाबरली तर पुढचे दोन दिवस संडासात जाणार नाही.

*मोठी आई*
भोंग्याचं काय रे? लग्नात बँड लागला तरी ती कान दाबून खाली बसते.

*बाळूदादा (जहाजावर नोकरी)*
त्याचंच सांगतो. जहाज सुटायच्या आधी किंवा सुटताच मस्टर ड्रिल असते, म्हणजे संकटात कुठं जमायचं त्याचा सराव. सात छोटे भोंगे आणि एक लांब, केबिनच्या स्पीकरमधूनही येतो. सगळ्यांनी आपापल्या मस्टर स्टेशनला जायचं, त्याचं अक्षर की-कार्डवर छापलेलं असतं. यातून सूट मागू नका, मिळत नाही आणि मिळूही नये. 2012 मध्ये इटलीजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया आपटून 32 माणसं गेली, तेव्हा त्याच दिवशी चढलेल्या लोकांची ड्रिल झालेलीच नव्हती. आधी 24 तासांत केली तरी चालत होतं. 2015 पासून निघण्याआधी किंवा निघताच, असा नियम आहे.

सूट नाही, पण सोय मागता येते. ईमेलमध्ये लिहा : ड्रिलची नेमकी वेळ आधी कळवा, मस्टर स्टेशनच्या कडेला बसायला जागा द्या, गर्दी होण्याआधी पोचू द्या. काही जहाजांवर आता व्हिडिओ पाहून स्टेशनवर कार्ड स्कॅन केलं की काम होतं, तसं असेल तर दुपारीच उरकून घ्या. भोंग्याच्या पाच मिनिटं आधी कानावर मफ. बॅटरीवाले नकोत, कारखान्यात घालतात ते साधे जाड मफ चांगले. आणि जहाज सुटताना उघड्या डेकवर जाऊ नका, मोठा भोंगा तिथंच डोक्यावर वाजतो.

लाइफ जॅकेट तिला मोठ्यांचं येईल. लहान मुलांचं 43 किलोच्या आतल्यांसाठी असतं.

*मामा (अमरावती)*
आता तयारीचं. सहा आठवडे धरा.

पहिलं, चित्रं. तीन बाय तीन इंचाचे दहा कार्ड लॅमिनेट करून मागे वेल्क्रो : रेल्वे, खोली, टॅक्सी, रांग, मशीन, जहाज, केबिन, जॅकेट, जेवण, झोप. एक झालं की तिनं स्वतः काढून डब्यात टाकायचं. कंपनीच्या साइटवरून त्याच जहाजाचे फोटो घ्या, दुसऱ्या जहाजाचा फोटो दाखवला तर ती तेच शोधत बसेल. 'थांबा' असं वेगळं लाल कार्ड करा, त्याच्यासोबत वाळूचं घड्याळ. आधी घरी दोन मिनिटं थांबवा, मग पाच, मग बँकेत किंवा पोस्टात खऱ्या रांगेत दहा.

दुसरं, भोंगा. रेकॉर्डिंग मोबाइलवर अगदी हळू, दहा सेकंद, तिच्या आवडत्या वेळेला. सलग तीन दिवस शांत राहिली तरच आवाज एक घर वाढवा. रडली तर दोन घर खाली या. घाई केली तर भोंग्याची भीती पक्की बसेल.

तिसरं, खरी बोट. रामटेकजवळ खिंडसीला बोटिंग आहे. जॅकेट घालून अर्धा तास. जॅकेटचा पट्टा छातीवर आवळला की काही मुलं ओढून काढतात, ते तिथंच कळेल. आणि लिफ्ट! गावात लिफ्ट नाही, जहाजावर दिवसातून दहादा लागेल. वर्धा-नागपूरला जाणं होईल तेव्हा मॉलमध्ये चार फेऱ्या मारा.

*आत्या (वर्धा)*
औषधांचं नीट वाचा. फिटची औषधं, लेव्हेटिरासेटॅम आणि व्हॅल्प्रोएट, लागतील त्याच्या दुप्पट घ्या, अर्धी तुझ्या बॅगेत, अर्धी भाऊच्या. दोन बॅगा, दोन माणसं. डॉक्टरांकडून इंग्रजीत चिठ्ठी : औषधांची मूळ नावं, डोस, फिट कशी दिसते, किती वेळ टिकते. नाकातला मिडाझोलाम स्प्रे लिहून घ्या आणि 47 किलोला किती फवारे ते चिठ्ठीवर आकड्यात. पाच मिनिटांपेक्षा फिट लांबली तर स्प्रे आणि लगेच जहाजाचा दवाखाना.

मळमळीची गोळी दुकानातून स्वतःच्या मनानं घेऊ नका. अव्होमिनमध्ये प्रोमेथाझिन असते, या जातीच्या औषधांनी काही जणांत फिटचा उंबरठा खाली येतो, म्हणजे फिट लवकर येऊ शकते, आणि रात्रीच्या औषधांसोबत गुंगी वाढते. आपल्याकडे उलटीला सर्रास देतात ते ओन्डान्सेट्रॉन, पण बोट लागण्यावर ते फार चालत नाही. कोणती द्यायची ते तिच्या डॉक्टरांना विचारा आणि पहिला डोस घरी देऊन पाहा, समुद्रावर नाही. काही मुलं अशा गोळीनं गुंगण्याऐवजी उलट बेचैन होतात.

गोळी दिल्यावर उलटी झाली तर पुन्हा द्यायची का, किती वेळाच्या आत, हेही डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या. तिथं फोन लागणार नाही.

*बाळूदादा (जहाजावर नोकरी)*
हो, किनारा सुटला की थोड्या वेळात मोबाइल बंद. मग जहाजाचं नेटवर्क पकडतो आणि बिल भयंकर येतं, विमान मोड लावा. वायफायचे पैसे वेगळे. टॅबवर तिची गाणी आणि व्हिडिओ घरूनच उतरवून घ्या. दवाखाना आहे, डॉक्टर-नर्स आहेत, पण तो स्थिर करण्यापुरता. सिटी स्कॅन वगैरे नाही, आणि पैसे तुमच्या खात्यावर लागतात.

*आत्या (वर्धा)*
निरामयचं (दिव्यांगांच्या सरकारी आरोग्य विम्याचं) कार्ड राहू द्या सोबत, पण त्याच्या भरवशावर बसू नका. अंघोळ शॉवरखाली स्टुलावर बसवून, दाराची कडी न लावता. पूलमध्ये तिच्यासोबत एक मोठं माणूस पाण्यात हवं, हाताच्या अंतरावर. काठावर बसून लक्ष ठेवणं चालणार नाही, फिट आली तर आवाज न करता खाली जाते. सुती कपड्यात पूलमध्ये उतरू देत नाहीत, पोहण्याचा ड्रेस आधी घरी दोन-चारदा घालून पाहा, अंगाला टोचतो म्हणून नको म्हणेल. डायपर घालूनही बहुतेक ठिकाणी पूल बंद. आणि वहिनी, पाळीची तारीख मोजून मगच जहाजाची तारीख घ्या.

*मोठी आई*
ती खाईल काय तिथं? वरण-भात-तूप आणि भाजी वेगळ्या वाटीत, याशिवाय काही खात नाही.

*बाळूदादा (जहाजावर नोकरी)*
साधं वरण होतं, पण बुफेत सगळ्याला फोडणी असते. पहिल्या दिवशी चढल्याबरोबर रेस्टॉरंटच्या मॅनेजरला भेटा : बिनफोडणीचं तुरीचं वरण, मऊ भात, दोन्ही वेगळ्या भांड्यात, दोन्ही वेळेला. बुफे उघडतो त्या मिनिटाला जा, पाऊण तासानं पाय ठेवायला जागा नसते. घरचं शिजवलेलं सहसा नेऊ देत नाहीत. मुरमुरे, बिस्किटं अशी बंद पाकिटं चालतील का, ते त्याच ईमेलमध्ये विचारा. इस्त्री, किटली, हीटर नेऊ नका, सिक्युरिटीत काढून घेतात.

गोव्यात उतरू नका. बरेच लोक उतरतात, त्या वेळेला पूल, लिफ्ट, डेक सगळं रिकामं. चिऊसाठी तोच सगळ्यात चांगला दिवस.

*मामा (अमरावती)*
रोज सकाळी केबिनमधून निघताना त्या दिवसाच्या कपड्यातला तिचा फोटो काढ. हरवली तर "निळा कुर्ता होता बहुतेक" असं होतं, फोटो दाखवला की शोधणाऱ्याला सोपं. हातातल्या पट्ट्यावर आतल्या बाजूनं तुमचं नाव आणि मस्टर स्टेशनचं अक्षर. केबिन नंबर वर दिसेल असा लिहू नका.

*चिऊची आई*
दादा, केबिन साफ करायला माणूस येतो ना? अनोळखी माणूस एकदम आत आला तर ती ओरडते.

*बाळूदादा (जहाजावर नोकरी)*
दिवसातून दोनदा येतो. पहिल्या संध्याकाळी त्याची चिऊशी ओळख करून द्या आणि सांगा, दिवसात एकदाच, आम्ही नाश्त्याला असताना. बाकी वेळ दारावर 'नको'ची पाटी. अशा घराला ही मंडळी फार जपतात, आधी सांगितलेलं मात्र हवं.

*मोठे बाबा (हिंगणघाट)*
खिंडसीला या रविवारी जाऊ. गाडी मी काढतो. सकाळी नऊच्या आत पोचलो तर गर्दी नाही राहणार. जॅकेट देणारा पोरगी पाहून लहानच देते, मोठं मागून घ्याल.

*चिऊची आई*
रविवार पक्का. डॉक्टरांची वेळ शुक्रवारची घेतली, चिठ्ठीचे मुद्दे आत्यांच्या मेसेजवरून वहीत उतरवले. बाळूदादा, भोंग्याचं रेकॉर्डिंग आहे का?

*बाळूदादा (जहाजावर नोकरी)*
पाठवलं. 40 सेकंदांचं आहे, सात छोटे आणि एक लांब. सुरुवातीला लांबवाला ऐकवू नका, पहिले दोनच.

*चिऊची आई*
मिळालं. आज चारला ती मुरमुरे खायला बसली की लावते. आवाज दोनवर.