अण्णांची दाढ, वॉन विलेब्रांड आणि जुना एम बँड: कुणाला अनुभव आहे का?

रामबागची सून, इंदूर
नमस्कार. सासरे, आम्ही अण्णा म्हणतो, वय ७३. दिवाळीनंतर दाढ काढली. रात्री अडीचला उशीचा अभ्रा लाल. सकाळी पोहे-जिलबी समोर आणि हे गालात बोळा धरून बसलेले. तिसऱ्या दिवशीही रक्त झिरपतच होतं. दातवाले ठाम, ‘रक्त पातळ करायची गोळी घेत असतील.’ अहो, अण्णा क्रोसिनसुद्धा अर्धी तोडून घेतात!

प्लेटलेट २ लाख ४० हजार, रक्त गोठायला लागणारा वेळ मोजणाऱ्या दोन चाचण्यांपैकी पीटी नॉर्मल, एपीटीटी ४६ सेकंद, म्हणजे लांबलेला. शेवटी रक्तविकारवाल्या डॉक्टरांनी वॉन विलेब्रांड (रक्त थांबवायला मदत करणारं प्रथिन) तपासला: ॲक्टिव्हिटी ११ टक्के, फॅक्टर आठ (गोठण्याचं आणखी एक प्रथिन) २२ टक्के, दोन्ही बरेच कमी. वॉन विलेब्रांड कमी असणं हा जन्मजात आजार ना? मग १९८८ साली हर्नियाच्या ऑपरेशनला काहीच कसं झालं नाही? आता डॉक्टर जुनी फाइल मागतायत. दोन वर्षांपूर्वी इलेक्ट्रोफोरेसिसमध्ये (रक्तातली प्रथिनं वेगवेगळी करणारी चाचणी) ०.९ ग्रॅमचा एम बँड निघाला होता. ‘वयामुळे असतं’ म्हणून कागद फाइलला लागला. त्याचा इथे काय संबंध? फेब्रुवारीत दुसऱ्या बाजूचा हर्निया करायचाय.

निवृत्त लॅबवाला
संबंध आहे, ताई. अँटिबॉडी बनवणाऱ्या प्लाझ्मा पेशींचा एकच गट वाढतो आणि एकाच साच्यातलं प्रथिन ओतत राहतो, तोच एम बँड. हे प्रथिन वॉन विलेब्रांडला चिकटलं की शरीर दोघांनाही झटपट साफ करतं. अण्णांचं शरीर फॅक्टर बनवतंय, तो टिकत नाही. म्हणजे हा जन्मजात नाही, नंतर जडलेला प्रकार असणार, म्हणूनच १९८८ साली काही झालं नाही. फॅक्टर आठ त्याच्याच पाठुंगळीवर फिरतो, म्हणून तोही घसरला आणि एपीटीटी लांबला. मिक्सिंग टेस्ट (रुग्णाचा आणि निरोगी माणसाचा प्लाझ्मा मिसळून गोठण्याची वेळ बघतात ती) नॉर्मल आली तरी गाफील राहू नका, या आजारात ती बऱ्याचदा चकवते.

बाहेरून फॅक्टर दिला तरी लवकर गडप होतो. बँड आयजीजी (अँटिबॉडीचा एक प्रकार) असेल तर आयव्हीआयजी, म्हणजे दात्यांच्या अँटिबॉडी शिरेतून देणं, चालतं: किलोमागे १ ग्रॅम, सलग दोन दिवस. फरक साधारण तीन आठवडे टिकतो, तेवढ्यात ऑपरेशन उरकतात. आयजीएम (अँटिबॉडीचा दुसरा प्रकार) असेल तर सहसा उपयोग नाही. तेव्हा आधी रिपोर्टवरचं ते अक्षर बघा.

ग्वाल्हेरकर
आमच्या आईचं वेगळं निघालं. नुसती शिंकली तरी पापण्या काळ्यानिळ्या. जीभ इतकी जाड झाली की कवळी बसेना, आम्ही कवळीवाल्यालाच बोल लावत होतो. तिचा पीटीसुद्धा लांबलेला. फॅक्टर दहा कमी. एएल ॲमिलॉइड, म्हणजे लाइट चेन (अँटिबॉडीचे तुकडे) अवयवांत साचून बनलेले धागे, त्यांनाच तो चिकटून बसतो म्हणे. बोर्टेझोमिब या औषधाने लाइट चेन उतरल्या, तसा फॅक्टर दहाही वर आला. अण्णांचा पीटी नॉर्मल आहे, तरी फ्री लाइट चेन करून घ्या.

रामबागची सून
बघितलं, आयजीजी कप्पा (कप्पा हा लाइट चेनचा प्रकार). लाइट चेनला उद्या रक्त देतोय. अण्णा ६२ किलो, म्हणजे १२४ ग्रॅम, पाच-पाच ग्रॅमच्या २५ बाटल्या! डॉक्टर म्हणतात हर्नियाची घाई नाही. अण्णांनी बाटल्यांचा हिशोब ऐकला आणि कपाटातून जुना पट्टा काढून कमरेला लावूनही टाकला.