उन्हाळ्यात गाडी गरम होते? नागपूरकरांनो, आपापला अनुभव लिहा

सुरुवात मीच करतो (मनीषनगर)

आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. तपासणी करून तिला घरी आणत होतो. मार्चचा शेवटचा आठवडा, दुपारचे अडीच. वर्धा रोडवर छत्रपती चौकाच्या सिग्नलला उभा होतो तर एसीतून कोमट हवा यायला लागली. मला वाटलं गॅस संपला. तेवढ्यात इंजिनच्या तापमानाच्या काट्यावर नजर गेली. रोज मधोमध राहणारा काटा लाल रेघेला टेकला होता. गाडी कडेला घेतली. काळा चष्मा लावलेल्या आईला पाऊण तास एका पानठेल्याच्या सावलीत बसवावं लागलं. ठेल्यावाल्याने स्वतःचा स्टूल तिला दिला, माठातलं पाणी दिलं. तो पाऊण तास अजून डोक्यातून जात नाही, म्हणून हे लिहून राहिलो.

गाडी २०१४ ची, पेट्रोल, दोन वर्षांआधी सेकंडहँड घेतलेली. ७८ हजार चालली आहे. तीन ठिकाणी दाखवली. एक म्हणतो वॉटर पंप बदला. दुसरा म्हणतो रेडिएटर जाम आहे, नवीनच टाका. तिसऱ्याने हेड (इंजिनचा वरचा भाग) उतरवावं लागेल म्हणून २२ हजारांचा आकडा सांगितला. तिघांपैकी एकानेही गाडी दहा मिनिटं चालू ठेवून पाहिली नाही.

ज्यांनी हे भोगलं आहे त्यांनी कृपा करून लिहा. फक्त गरम होण्याबद्दलच नको, एसी, टायर, बॅटरी, जे काही या गावच्या उन्हात बिघडतं ते सगळं चालेल. गॅरेजची नावं नकोत. काय झालं, कशाने झालं, कशाने सुटलं, एवढं कळलं तरी पुष्कळ आहे.

झिंगाबाई टाकळी

दादा, हेडचं नाव काढलं म्हणून आधी माझं ऐका, कारण माझं हेड खरंच गेलं होतं.

बुटीबोरीला नोकरी आहे. तीन वर्षांआधी मे महिन्यात संध्याकाळी घरी निघालो, खापरीजवळ काटा वर गेला. थांबायला पाहिजे होतं. पण घरी पाहुणे येणार होते, वाटलं वीसेक किलोमीटर तर राहिलं, हळूहळू जाऊ. अजनीच्या पुढे गाडीचा दमच गेला आणि मागून पांढरा धूर. दुसऱ्या दिवशी मिस्त्रीने ऑइलचं झाकण उघडून दाखवलं. आतून दुधाळ चहाच्या सायीसारखा थर बसला होता. हेडखालचं गॅस्केट (सांधा बंद ठेवणारी पातळ पट्टी) फाटून पाणी ऑइलमध्ये मिसळलं होतं. हेड वाकलं होतं, ते लेथवर नेऊन घासून आणावं लागलं. त्या २० किलोमीटरचे मला २६ हजार लागले.

मूळ कारण तर आणखीच साधं निघालं. कुलंट (इंजिन थंड ठेवणारं रेडिएटरमधलं पाणी) कमी झालं की मी घरच्या बोअरचं पाणी टाकत होतो. आमच्याकडच्या बोअरच्या पाण्याने गिझरच्या कॉइलवर कसा पांढरा दगड जमतो ते पाहिलंच असेल. तोच दगड रेडिएटरच्या बारीक नळ्यांत जमला होता. मिस्त्रीने जुना रेडिएटर कापून दाखवला, निम्म्या नळ्यांतून सुई जात नव्हती. तेव्हापासून तयार कुलंटच टाकतो, आणि डिक्कीत एक लिटर डिस्टिल्ड वॉटर ठेवतो.

तुमचं हेड गेलं की नाही ते घरीच बरंचसं पाहता येते. सकाळी इंजिन थंडगार असताना ऑइलचं झाकण उघडा, थर आहे का पाहा. मग रेडिएटरचं झाकण उघडून गाडी चालू करा. सारखे बुडबुडे येत राहिले तर काळजीचं कारण आहे. दोन्ही नसेल तर २२ हजारांची घाई करू नका. पण गरम इंजिनवर ते झाकण चुकूनही उघडू नका. त्या झाकणाचं कामच आत दाब धरून ठेवण्याचं आहे. दाबामुळे आतलं पाणी शंभर अंशांच्या वर गेलं तरी उकळत नाही, आणि झाकण सैल केलं की एका क्षणात वाफ होऊन अंगावर येते. माझ्या मेहुण्याचा हात कोपरापर्यंत भाजला आहे.

आणि काटा वर जाताना गाडी लगेच थांबवता येत नसेल तर एसी बंद करा, हीटर पूर्ण चालू करा, काचा खाली करा. हीटर म्हणजे आत बसवलेला छोटा रेडिएटरच, इंजिनची थोडी गरमी तो ओढून घेतो. मे महिन्यात ते सोसवत नाही, पण जागा मिळेपर्यंत दोन मिनिटं इंजिन वाचते.

खामला

एकच विचारतो. काटा चालत्या गाडीत वर जातो की उभ्या गाडीत?

माझी आउटर रिंग रोडवर तासभर पळवली तरी काही होत नव्हतं, आणि खामला चौकात तीन मिनिटं उभी राहिली की तापायची. पळणाऱ्या गाडीत समोरची हवा रेडिएटरला थंड करते. उभ्या गाडीत ते काम पंख्याचं. माझ्या पंख्याची वायर उंदराने कुरतडली होती. तुमची सिग्नलला तापली, आणि एसीही तेव्हाच कोमट झाला. एसीची गरमी बाहेर टाकणारी जाळी, म्हणजे कंडेन्सर, त्याच पंख्यासमोर असतो. एसी लावून बोनेट उघडा आणि पंखा फिरतो का ते पाहा, बाकी सगळं नंतर.

प्रतापनगर

माझा अनुभव एसीचा आहे. सलग तीन वर्षं एप्रिलमध्ये गॅस भरला. दर वेळी तेच उत्तर, "मॅडम, गॅस संपला, आपल्याकडे ऊनच एवढं आहे." मी पैसे देत गेले. चौथ्या वर्षी शेजारच्या काकांनी विचारलं, "ताई, घरच्या फ्रिजमध्ये दरवर्षी गॅस भरता का?" तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. गॅस पेट्रोलसारखा जळत नाही, बंद नळ्यांतून फिरत राहतो. दर उन्हाळ्यात संपतो म्हणजे कुठून तरी गळतो. दुसऱ्या मुलाने नायट्रोजनचा दाब देऊन तपासलं, तर डॅशबोर्डच्या आतली कूलिंग कॉइल गळत होती. कॉइल बदलली, त्याला दोन उन्हाळे झाले, अजून गॅस भरलेला नाही.

त्याच दिवशी त्याने केबिन फिल्टर काढून माझ्या हातात दिला. आमची गाडी कडुनिंबाखाली उभी असते. झाडाची सावली म्हणून आम्ही खूश. फिल्टरच्या घड्यांमध्ये वाळकी पानं, निंबाचा मोहर आणि खाली मातीचा बोटभर थर. काचेखालच्या जाळीतही तेच, त्यामुळे पावसाचं पाणी जायची वाट बंद होऊन ते पायाखालच्या मॅटपर्यंत यायचं. वर्षभर मी तो ओला वास एसीचा समजत होते. आता दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मुलगी आणि मी मिळून ती जाळी साफ करतो. पाच मिनिटांचं काम आहे.

सोनेगाव

मी टुरिस्ट गाडी चालवतो. शिर्डीच्या खूप ट्रिपा होतात, सगळ्या समृद्धीनेच. ११ डिसेंबर २०२२ ला नागपूर ते शिर्डी ५२० किलोमीटर खुला झाला तेव्हापासून त्या रस्त्यावर आहे.

२०२४ च्या मे महिन्यात कारंजा लाडच्या अलीकडे मागचं डावं टायर फुटलं. पाच माणसं गाडीत, त्यात एक तान्हं लेकरू. ब्रेकवर पाय टाकला नाही, स्टेअरिंग घट्ट धरलं, गाडी आपोआप हळू होऊ दिली, म्हणून वाचलो. फुटलेल्या टायरची नक्षी चांगली होती, कुणीही म्हणालं असतं अजून दहा हजार चालेल. पंचरवाल्याने बाजूवरचा डीओटीचा आकडा दाखवला, ३११७. म्हणजे २०१७ चा ३१ वा आठवडा. सात वर्षांचं रबर! मी नक्षीच पाहत राहिलो, वय कधी पाहिलंच नव्हतं.

दुसरी चूक हवेची. लोकांना वाटतं उन्हाळ्यात हवा कमी ठेवावी, कारण ती फुगते. उलटं आहे. हवा कमी असली की टायरची बाजू जास्त वाकते, सारखी वाकून वाकून तापते, आणि तिथेच फाटते. दाराच्या चौकटीवर लिहिलेला आकडा थंड टायरसाठी असतो. मी आता घरून निघतानाच जवळच्या पंपावर तपासतो, वाटेत गरम टायरमधून हवा कधीच काढत नाही. १२० ची परवानगी आहे, पण भर दुपारी ९० च्या वर नेत नाही. आणि स्टेपनी पाहा हो. माझी स्टेपनीही त्याच वयाची होती, तिच्यावर ४० च्या स्पीडने पुढच्या गावापर्यंत गेलो.

हिंगणा रोड

बीएस ६ डिझेल घेणाऱ्यांसाठी. माझं ऑफिस घरापासून ४ किलोमीटर. आठ महिन्यांत डीपीएफचा दिवा लागला. सायलेन्सरच्या वाटेवर काजळी अडवणारी जाळी असते, ती साफ व्हायला सलग, तापलेली धाव लागते. जवळच्या जवळ फिरणाऱ्या गाडीला ती मिळतच नाही. आता आठवड्यातून एकदा अमरावती रोडने कोंढाळीपर्यंत जाऊन येतो. दिवा परत लागला नाही. गावातल्या गावात चालवायची असेल तर पेट्रोलच घ्या.

डागा ले-आउट

विषय उन्हाचा आहे, पण पाण्याचंही इथेच सांगून ठेवतो.

२३ सप्टेंबर २०२३ ची पहाट आमच्याकडे कोणी विसरणार नाही. रात्री काही तासांत १०० मिलिमीटरच्या वर पाऊस, अंबाझरी ओसंडला, नाग नदी घरात. आमच्या दोन्ही गाड्या पोर्चमध्ये, पाणी सीटच्या वर. पाणी उतरल्यावर शेजाऱ्यांनी चालू होते का पाहायला चावी फिरवली. एकदाच फिरवली. सिलिंडरमध्ये पाणी होतं, ते दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकला. विमा कंपनीने इंजिनचा खर्च नाकारला, कारण पाण्यानंतर गाडी तुम्ही चालू केली म्हणे. माझ्या भावाने मला फोनवर ओरडून सांगितलं होतं, चावीला हात लावू नको, बॅटरीची वायर काढ आणि टो करून ने. माझं इंजिन वाचलं. सीट, वायरिंग, गालिचा सगळं गेलं, ते विम्यात आलं. तेव्हापासून पॉलिसीत इंजिनचं वेगळं संरक्षण घेतो.

हनुमाननगर

मी एसटीच्या वर्कशॉपात ३१ वर्षं काढली, आता रिटायर आहे. नातीकडून लिहून घेऊन राहिलो.

मनीषनगरवाल्या पोरा, खामल्याच्या भाऊनं बरोबर विचारलं. आमच्याकडे ड्रायव्हर गाडी आणे तवा पयले त्याले विचारो, कवा होते? चढावर होते का उतारावर, सकाळी का दुपारी, भरल्या गाडीत का खाली? त्याच्यातच अर्धं दुखणं सापडे. मिस्त्रीले "पंप पाहा" म्हणू नको. "सिग्नलवर तापते, पळताना नाही तापत," असं सांग. पंखा नसन फिरत तर त्याले डायरेक्ट बॅटरीवर लावून पाहायले सांग. फिरला तर मोटर चांगली, रिले (पंख्याले करंट देणारा स्विच) नाहीतर सेन्सर गेला. नाही फिरला तर मोटर गेली.

बॅटरीचं सांगतो. लोक म्हणतात थंडीत बॅटरी बसली. थंडीत ती फक्त दिसते. मारते तिले आपला मे महिना. बॉनेटखाली तापून तापून पाणी आटते, पत्रे उघडे पडते, आणि डिसेंबरच्या सकाळी गाडी कटकट करून थांबते. पाणी टाकायची बॅटरी असन तर उन्हाळ्यात दर पंधरा दिवसांनी पाहा. सकाळी गाडी चालू करायच्या आधी मीटर लावा. १२.६ व्होल्ट दाखवलं तर ठीक, १२.२ च्या खाली असन तर तपासून घ्या. चालू गाडीवर १४ च्या आसपास पाहिजे.

पुन्हा मनीषनगर

सगळ्यांचे मनापासून आभार. उशीर झाला, पण आधी गाडी दाखवली, मगच लिहायचं ठरवलं होतं.

ऑइलच्या झाकणाला थर नव्हता, बुडबुडे नव्हते. एसी लावून बोनेट उघडलं, पाच मिनिटं, सात मिनिटं, पंखा ढिम्म. मिस्त्रीला हनुमाननगरच्या काकांनी सांगितलं तसंच सांगितलं. त्याने पान्यावरून हात काढला आणि म्हणाला, "असं पयले काहून नाही सांगितलं?" बॅटरीवरून थेट तार जोडली तर पंखा फिरला. रिले जळाला होता, त्याचं प्लास्टिक एका कोपऱ्याला वितळून तपकिरी झालं होतं. रिले, सॉकेट आणि मजुरी मिळून ६५० रुपये. जुनं कुलंट काढलं ते गंजाच्या रंगाचं निघालं. दोनदा धुऊन नवीन भरलं, वरचा होस बोटाने दाबला तर चिरा दिसल्या, तोही बदलला. एकूण ३,४०० झाले. टायरचे आकडे पाहिले, चार २०२१ चे आहेत, स्टेपनी २०१४ ची! ती या महिन्यातच बदलतो.

काल पारा ४४ वर होता. आईला घेऊन मुद्दाम त्याच रस्त्याने गेलो, पानठेल्यावाल्याला आंबे दिले, दोन सिग्नल उभा राहिलो. काटा मधोमध.

एकच राहिलं. गाडीखाली रोज रात्री पुठ्ठा टाकून ठेवतो. आज सकाळी त्यावर रुपयाएवढा गुलाबी ठिपका दिसला, इंजिनच्या पट्ट्याच्या बाजूला. नवीन कुलंट गुलाबीच आहे. होसच्या क्लिप कोरड्या आहेत. झिंगाबाई टाकळीवाले दादा, हा वॉटर पंप असू शकतो का? रविवारी सकाळी गाडी थंड असताना पुठ्ठ्यासकट तुमच्याकडे घेऊन आलो तर चालेल?